आमचा पाळणा राष्ट्रपतींच्या घरी

बाळंतिणीला राग शोभत नाही. डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, कानात कापसाचे बोळे, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. अशा अवतारात बाई ओरडली तरी पाहणाऱ्याला हसूच येतं. मला तर स्वतःचा आवाजही त्या बोळ्यांमुळे धड ऐकू येत नव्हता, म्हणून मी जास्तच ओरडत होते. जिच्या बारशासाठी हे सगळं चाललं होतं, ती माझी लेक आता दोन मुलांची आई आहे आणि सणावाराला सगळे जमले की माझ्या त्या रागाची नक्कल करून दाखवते. सगळे हसतात. मीही हसते. पण राग अजून गेलेला नाही, हे त्यांना सांगत नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. राष्ट्रपतींचं जन्मघर दूरच्या मुलखात. तिथवर कोण जाणार? म्हणून ते घरच गावोगाव हिंडवायची टूम कुणीतरी काढली. रंगवलेल्या कापडाच्या भिंती, बांबूचे खांब, आत खाट, चूल, कंदील. ट्रकमधून यायचं, मैदानात उभं राहायचं, लोकांनी रांगेनं पाहायचं, की चाललं पुढच्या गावी. बुलढाण्याहून घाट उतरून खामगावला येताना सामान आदळलं आणि त्यातला पाळणा मोडला. जन्मघर आणि पाळणा नाही, म्हणजे पंचाईतच. स्वागत समितीत माझे वडील होते. कापसाची दलाली करायचे, टोपीची इस्त्री मोडेल म्हणून मान वळवायचे नाहीत. ते म्हणाले, "आमच्या घरी हाय की!"

आणि माळ्यावरचा पाळणा काढून देऊन मोकळे झाले. मी आतल्या खोलीत तीन दिवसांच्या मुलीला घेऊन पडलेली. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शिसवी, पितळी कड्यांचा पाळणा. आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराचं नाव त्यात ठेवलेलं. फक्त माझ्या पहिल्या मुलाचं सोडून. तेही बाळंतपण माहेरीच झालं होतं. बारशासाठी पाळणा टांगून, फुलं लावून तयार होता, आणि आदल्या रात्री मूल गेलं. म्हणून या खेपेला दिवस राहिल्यापासून मी एकच गोष्ट मनात धरली होती: हिला बाराव्या दिवशी त्याच पाळण्यात घालायचं. दुसऱ्या कुठल्याही नाही.

मुलीला पाहायला येणाऱ्या बायका आधी प्रदर्शन पाहून येत. अंगडं-टोपडं माझ्या हातात ठेवायचं आणि बातमी द्यायची. शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरची खाला म्हणाली, "बेटी, तुह्या पाळण्याले तं लोक हार घालून राह्यले! पाटी लावली, राष्ट्रपती याच्यातच वाढले म्हून."

दुसरी म्हणाली, "अवो, काठावर त्याइच्या लहानपनच्या दातांचे वळ हायेत. आमी हात लावून कपाळाले लावला."

ते दात माझे होते. माय सांगायची, दात येताना मी पाळणा कुरतडायची.

पुढं तर बायका नवस बोलायला लागल्या. मूल होत नाही तिनं खेळण्यातला पाळणा आणून त्याच्या कड्यांना बांधायचा. हळद-कुंकू, खण, नारळ. ज्यात माझी मुलगी घालायची, त्यात लोकांचे नारळ पडलेले! बारसं जवळ आलं तशी मायनं माणूस पाठवला. निरोप आला, पाळण्यावर लोकांची श्रद्धा बसली आहे, प्रदर्शन पुढच्या गावी जाईल तेव्हा पाळणाही सोबत जाईल. बाबांना विचारलं तर म्हणाले, "नवा आनू. मोठा आनू." आणि टोपी घालून बाहेर गेले.

मग मी उठले. विटाळ फिटायला दोन दिवस बाकी होते. माय दारात आडवी आली, "अवं, असं जातेत का कुठी? कोनी शिवनार नाही तुले!"

"तेच पाह्यजे," मी म्हटलं.

मुलीला छातीशी धरलं आणि दोन गल्ल्या ओलांडून, प्रदर्शन होतं त्या कापसाच्या जिनाच्या मैदानात शिरले. खाला माझ्या मागं छत्री धरून. दोरी ओलांडून मी सरळ पाळण्याशी गेले. व्यवस्थापक पुण्याकडचे होते. धावत आले. "अहो बाई, वस्तूंना हात लावायचा नाही! हा राष्ट्रपतींचा पाळणा आहे."

"मंग बोलवा त्याइले. तेच सांगतीन कोनाचा हाय."

नारळ उचलून खाली ठेवले, खण बाजूला सारला आणि मुलीला आत निजवलं. रांगेतली एक बाई किंचाळली, "अगं माय! ही तं बाळंतीन हाय! विटाळाची हाय!"

रांग मोडली. ज्या बायका पाळण्याला कपाळ टेकत होत्या, त्या पदर आवरून मागं सरकल्या. समितीचे अध्यक्ष रोज स्वतः हार घालायचे. ते हातातला हार घेऊन तंबूच्या दारापर्यंत मागं गेले. व्यवस्थापक गोंधळून विचारत होते, काय झालं, काय झालं? अध्यक्ष तिथूनच ओरडले, "घेऊन जा बाई, घेऊन जा तुह्या घरी!"

मी म्हटलं, "उचलून द्या."

एक माणूस पुढं येईना. आठवडाभर ज्याची पूजा केली, त्याला हात लावायला आता सगळे घाबरत होते. असा संताप आला की कानातले बोळे काढून फेकले. तेवढ्यात गर्दीतून बाबा आले. मी मुलीला उचलून घेतलं. त्यांनी टोपी खिशात कोंबली आणि पाळणा डोक्यावर घेतला.

रस्त्यात मी त्यांना सोडलं नाही. "मिरवाची हौस तुमाले! लेकीचा पाळणा देऊन टाकला?"

मग पाळण्याखालून आवाज आला. "मागच्या खेपेले रिकामा पाळना मीच उतरोला होता, बाई. पुन्हा टांगाची हिंमत नव्हती. त्याइनं मागतला, मले बरंच वाटलं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले कसं सांगू?"

रडू आलं, पण राग त्याहून मोठा होता. जे मूल गेलं ते माझं होतं. त्याची भीती त्यांनी मला न सांगता एकट्यानंच बाळगली, आणि माझ्या वाट्याला दुसऱ्यांनी फुलं वाहिलेला पाळणा आला.

घरी आल्यावर म्हटलं, "टांगा."

"परवा टांगतो. बारशाच्या दिवशी."

"आत्ता. माह्यासमोर."

ते स्टुलावर चढले. आढ्यातून दोर ओवला. गाठ मारली, दोराला लोंबकळून पाहिलं, खाली उतरले.

"अजून एक मारा," मी म्हटलं.

ते पुन्हा चढले.