आधी गुडघा, मग रस्ता

मिस विलाने शिट्टी फुंकून आमच्या हॅमर्सचा, म्हणजे गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना घालवला, ही गोष्ट पोर्ट कॅलहूनमध्ये तुम्हाला कुणीही सांगेल. केस कापता कापता सांगतात, चर्चच्या पायऱ्यांवर सांगतात, आणि सांगताना आवाज असा खाली आणतात, जणू खुनाचीच हकीकत. तर म्हणे, त्या बर्फातल्या सामन्यात विला टॅगर्टने प्रेक्षकांतून आपली शाळेच्या कोपऱ्यावरची शिट्टी जीव खाऊन फुंकली. आपल्या पोरांना वाटलं पंचांनीच वाजवली, ती जागच्या जागी थांबली, आणि समोरचा गडी चेंडू काखेत मारून फिरायला निघाल्यासारखा गोलरेषा ओलांडून टचडाउन करून आला.

साफ खोटं. शिट्टी तोंडात होती, एवढंच खरं. फुंकायला तोंडात ओलावा नव्हता आणि छातीत वारा नव्हता, कारण बाई घाबरली होती. ती नुसती शिट्टी चावत बसली. त्या प्लास्टिकवर तिच्या दातांचे व्रण अजून आहेत. विचारलंत तर दाखवेल. पोरं थांबली ती आपल्या आळसाने. पण हरलेल्या गावाला कुणीतरी बाई लागतेच बोट दाखवायला.

ही विला टॅगर्ट गिरणी रस्त्याच्या कोपऱ्यावर शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडून देते. अंगात नारिंगी कोट, हातात 'थांबा' लिहिलेली पाटी, गळ्यात शिट्टी. अर्ध्या गावाला तिने रस्ता ओलांडून दिलाय, म्हणून टक्कल पडलेले बाप्येसुद्धा तिला 'मिस विला'च म्हणतात. बाकीच्यांना नोकरीचा कंटाळा येतो, हिला नोकरीची भीती वाटते, आणि तीही रोज नवी, पावासारखी ताजी. दुधाची गाडी दिसली की धस्स, पोर शिंकलं की धस्स. कधी एकही गाडी नसली की सगळ्यात मोठं धस्स, कारण ज्याअर्थी दिसत नाही त्याअर्थी कुठूनतरी जोरात येत असणार.

त्या भीतीतून तिने एक नियम काढला होता. फुटपाथच्या काठाशी आलं की आधी एक गुडघा टेकायचा, बुटाची नाडी चाचपायची, आणि मगच रस्ता. पालिकेने असा काही नियम केलेला नाही. पण गुडघा टेकलेलं पोर पळू शकत नाही, हे तिचं साधं गणित. "आधी गुडघा, मग रस्ता, बाळा!" हे वाक्य आमच्या गावातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, तिच्याच नाकातल्या आवाजात म्हणून दाखवेल.

नियम झाला तो डेव्हरो पिंकनीमुळे. हा पोरगा दुसरी-तिसरीत असताना चेंडूमागे धावत थेट रस्त्यात उतरायला निघाला. समोरून खडी भरलेला ट्रक. विला ओरडली, "थांब!" आणि तो थांबला. एक पाय फुटपाथवर, एक हवेत. ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला. पोरगा हसत होता. विला तिथेच रस्त्यात बसली आणि तिला उठवायला दोन शिक्षक लागले. दुसऱ्या दिवसापासून गुडघा.

पुढे हाच डेव्हरो हॅमर्सचा रनिंग बॅक झाला. म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या दीड-दीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत डोकं घालणारा गडी. पहिली काही वर्षं गावाने त्याला डोक्यावर घेतलं. मग मालकांनी त्याला दुसऱ्या शहराच्या संघाला देऊन टाकलं, आणि तिथे खेळताना दोन वर्षांपूर्वी एकदा तो पडला तो उठलाच नाही. मैदानावर स्ट्रेचर आलं, मानेला पट्टे बांधले. बाहेर नेताना त्याने अंगठा वर केला तेव्हा कुठे टीव्हीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. विलाने हे आपल्या दिराच्या, लेस्टरच्या गॅरेजमध्ये बघितलं. त्यानंतर आठवडाभर ती जेवताना मान दोन्ही हातांनी धरून बसायची, स्वतःची.

आणि आता बातमी आली की तेहतीस वर्षांच्या डेव्हरोला हॅमर्सनी परत घेतलं.

लेस्टरचं गॅरेज म्हणजे आमचं संसद भवन. लेस्टर पोलाद गिरणीतून निवृत्त. त्याचं प्रत्येक भाषण 'मी काही बोलत नाही' असं सुरू होतं आणि मग थांबत नाही.

"मी काही बोलत नाही," लेस्टर म्हणाला, "पण तेहतीस? अरे, रनिंग बॅकची तिशी म्हणजे शवपेटीचं माप द्यायचं वय! आपल्याला गाडी पाहिजे होती, मालकांनी नुसता रंग लावलेला पत्रा आणला."

"तुझं माप कधी घ्यायचं, लेस्टर?" बर्थेल म्हणाली. बर्थेलचं केसांचं सलून आहे. विनोद करायच्या आधीच ती हसून घेते, त्यामुळे विनोद येईपर्यंत तिला दम लागलेला असतो. "पाय म्हातारे असतील, पण डोळे? समोरच्या भिंतीत फट कुठे आहे ते त्याला अजून दिसतं. आपल्या त्या बावीस वर्षांच्या कार्ट्याला फट बोट धरून दाखवली, तरी तो शेजारच्याच्या ढुंगणावर जाऊन आदळतो!"

"डोळ्यांनी धावतात काय?"

"तू तोंडाने खेळतोस, तसं."

"क्लबच्या विक्रमाला फक्त सहा टचडाउन कमी आहेत त्याला," तिसरा कुणी म्हणाला. "तेवढे करून जाऊ दे. तिकिटं खपतील, जर्सी खपेल."

"आणि मान?" विलाने विचारलं.

लेस्टरने शेगडीवरची सॉसेजं उगाच उलटीसुलटी केली.

"डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलंय, विला," तो शेवटी म्हणाला.

"डॉक्टरला रस्त्यात उभं राहावं लागत नाही, बाळा," विला म्हणाली. लेस्टर अडुसष्ट वर्षांचा आहे, तोही बाळाच.

तिने ठरवलं, यंदा मैदानात पाऊल ठेवायचं नाही. तिची, लेस्टरची आणि बर्थेलची खुर्ची वर्षानुवर्षं शेजारी, गोलरेषेच्या अगदी कोपऱ्यात. खेळाडूचा श्वास ऐकू येईल इतकी जवळ. तिथून ते बघायचं? नको रे देवा. पहिल्या सामन्याला ती घरीच बसली, पडदे ओढून, टीव्ही बंद.

पण तिचं स्वयंपाकघर मैदानापासून फार लांब नाही. आरोळी उठली की खिडकीची काच थरथरते. आरोळी आली की ठीक. शिव्या ऐकू आल्या तरी ठीक. पण त्या दुपारी साठ हजार माणसं एकदम गप्प झाली. विलाच्या हातातला चमचा तसाच राहिला. साठ हजार माणसं गप्प होतात ती एकाच कारणाने. कुणीतरी पडलंय आणि उठत नाही. ती सपाता पायात तशाच ठेवून दारापर्यंत धावली, परत आली, टीव्हीच्या बटणाला हात लावला, काढला. मग खिडकीतून टाळ्या ऐकू आल्या, कुणीतरी उठल्याच्या. कोण होतं, ते विचारायचंही तिला धैर्य झालं नाही.

पुढच्या रविवारी ती लेस्टरच्या गाडीत येऊन बसली.

"का गं? येणार नव्हतीस ना?"

"घरून जास्त दिसतं," विला म्हणाली.

त्या मोसमात तिने सामने कसे पाहिले, हे बसून करूनच दाखवायला पाहिजे. दोन्ही हात तोंडावर, बोटांत फट, दातांत शिट्टी. डेव्हरोकडे चेंडू गेला की फट बंद. "उठला का?" ती विचारायची. बर्थेल सांगायची, "उठला." "दोन्ही पायांवर?" "नाही, एका पायावर नाचतोय. उठला गं बाई!" मग फट उघडायची. तो हळू झाला होता, हे लेस्टरचं खरं होतं. त्याला फट दिसत होती, हे बर्थेलचंही खरं होतं. थोडं धावायचा, थोडं आदळायचा, आणि आदळल्यावर उठताना दरवेळी थोडा जास्त वेळ घ्यायचा. तो थोडा जास्त वेळ विलाने एकटीने मोजला असावा. केसांत तेवढं पांढरं वाढलं.

असे एकेक करत पाच टचडाउन झाले. विक्रमाला एक कमी. आणि जानेवारीतला शेवटचा सामना आला.

सकाळपासून मैदानाबाहेर गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटलेल्या. तोंडातून वाफ, चिलीच्या, म्हणजे तिखट खिमा-राजम्याच्या, भांड्यातून वाफ. लेस्टरने मोसमाच्या सुरुवातीपासून न धुतलेली जर्सी घातली होती आणि सगळे वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे होते.

"मी काही बोलत नाही," लेस्टर म्हणाला, "पण आज तो गोलरेषा दिसली की मुंडकं पुढे करून उडी मारणार. शेवटचा सामना, एकच टचडाउन पाहिजे. माणूस आहे शेवटी. मान गेली तरी चालेल म्हणेल."

"असं बोलू नकोस," बर्थेल पहिल्यांदाच न हसता म्हणाली.

"नाही मारणार," विला म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. "थांबेल तो."

"थांबेल? गोलरेषेवर? रनिंग बॅक?" सगळा तळ हसला. हसणाऱ्यांत सर्वांत पुढे अस्मादिक. आम्ही तिच्याच नाकातल्या आवाजात म्हटलं, "आधी गुडघा, मग टचडाउन, बाळा!" लोक चिली सांडेपर्यंत हसले. विला हसली नाही.

"लाव पैज," ती म्हणाली. "तो थांबला, तर तू माझा नारिंगी कोट घालून आठवडाभर माझ्या कोपऱ्यावर उभं राहायचं. नाही थांबला, तर शिट्टी तुझी."

शिट्टी! गावातली सगळ्यात बदनाम शिट्टी. अस्मादिकांनी चिलीच्या हातानेच हात मिळवला. तिचा हात बर्फासारखा गार होता. ती खात्रीने पैज लावत नव्हती. अंधारात माणूस मोठ्याने बोलतो ना, तसं ते बोलणं होतं.

सामना घासून झाला. शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा हॅमर्स एका गुणाने पुढे, चेंडू आपल्याकडे, आणि घड्याळ थांबवायचे समोरच्यांचे हक्क संपलेले. म्हणजे चेंडू आपल्याकडे राहिला की घड्याळ आपोआप मरणार आणि सामना आपला. उलट टचडाउन केला तर गुण वाढणार खरे, पण चेंडू समोरच्यांना द्यावा लागणार, आणि दीड मिनिटात ती मंडळी काय करतात हे आम्ही दोनदा भोगलेलं. हे सगळं साठ हजार लोकांना ठाऊक होतं आणि साठ हजार लोक तरीही ओरडत होते, "डेव्हरो! डेव्हरो!" विक्रम म्हणजे विक्रम.

चेंडू डेव्हरोकडे गेला.

बर्थेल म्हणाली होती ती फट उघडली. यावेळी फट कसली, हमरस्ताच. तो निघाला आमच्याच कोपऱ्याकडे. समोर कुणी नाही, फक्त पांढरी रेषा. पण डावीकडून समोरच्यांचा एक गडी सुटला होता, मान खाली घालून, सगळं वजन घेऊन, थांबायचा विचारच नसलेला. विलाने तो आधी पाहिला. तिची नजर आयुष्यभर डावीकडेच असते. तिचे हात तोंडावरून खाली आले. शिट्टी दातांतून पडली. लेस्टरची न धुतलेली बाही तिने अशी मुठीत धरली की शिवण उसवली. आता डेव्हरो डोकं पुढे घालणार, आता तो डावीकडचा आडवा येणार, आणि मग ती शांतता होणार. स्वयंपाकघरात ऐकलेली ती शांतता, आता इथे, हाताच्या अंतरावर.

रेषेच्या अलीकडे, एका पावलावर, डेव्हरो थांबला. एक गुडघा टेकला. चेंडू पोटाशी. तो डावीकडचा त्याच्या हेल्मेटवरून उडत पलीकडे गेला आणि जाहिरातीच्या फळीवर आपटला.

पंचांची शिट्टी. खरी.

क्षणभर साठ हजार माणसं गप्प. विलाने डोळे मिटले.

"उठला का?" तिने विचारलं.

"अगं, बसलाय अजून," बर्थेल रडत होती का हसत होती कळेना. "बूट चाचपतोय. विला, तो नाडी बांधतोय!"

मग तो उठला. दोन्ही पायांवर. गुडघा टेकल्यामुळे डाव तिथेच थांबला होता आणि चेंडू आपलाच राहिला होता; घड्याळ संपलं, सामना संपला, विक्रम एकाने हुकला. लेस्टर म्हणाला, "मी काही बोलत नाही," आणि खरोखरच काही बोलला नाही. विला मात्र मटकन खाली बसली, आणि तिला उठवायला बर्थेल आणि लेस्टर दोघं लागले.

नाडी खरंच सुटली होती की काय, यावर गॅरेजमध्ये अजून दोन पक्ष आहेत. डेव्हरोने त्या रात्रीच खेळ सोडल्याचं सांगितलं. का थांबलास, असं वार्ताहरांनी विचारलं तर म्हणे, "घड्याळ बघितलं." असेल. घड्याळ बघायला गुडघा लागत नाही, एवढंच आमचं म्हणणं.

सोमवारी सकाळी गिरणी रस्त्याच्या कोपऱ्यावर कडाक्याची थंडी. नारिंगी कोट अस्मादिकांच्या पोटऱ्यांपर्यंत, बाह्या बोटांच्या खाली, पाटी वाऱ्याने उलटी. मिस विला पलीकडच्या फुटपाथवर लेस्टरच्या घडीच्या खुर्चीत, हातात कॉफी, आणि सुट्टी असून चेहरा तसाच, पिठासारखा. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. पाटी वर केली, मोठ्या ऐटीत रस्त्यात टाकायला पाऊल उचललं, तर मागे एकही पोर हलेना. सगळी रांगेत एकेका गुडघ्यावर बसून माझ्या बुटांकडे बघत होती. सगळ्यांत पुढच्या, दात पडलेल्या पोरीने थेट विलाच्या नाकातून आवाज काढला,

"आधी गुडघा, बाळा."

खाली बघितलं. नाडी सुटली होती. अस्मादिकांनी फुटपाथच्या काठावरच गुडघा टेकला, आणि त्याच वेळी डावीकडून दुधाची गाडी वळली.