पुढच्या स्थानकाचा होकार

आंबिलीसाठी भिजवलेल्या पिठाचा आंबूस वास आला की माझ्या लग्नाची दुपार समोर उभी राहते. रेल्वेचा नवा मार्ग दुसरीकडून गेल्यावर बंद पडलेल्या जुन्या स्थानकाचे कुणीतरी मंगल कार्यालय केले होते, आणि शेजारच्या मालगोदामात बिअर तयार होत असे. भिजलेल्या जवाचा तसाच वास फलाटावरच्या मांडवभर पसरला होता. हळ्ळीखेडहून दोन टेम्पोंतून आमचे वऱ्हाड आले. जागा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या वराने ठरवली होती आणि तो वर माझ्या घरातल्यांनी. मला कुणी काही विचारले नव्हते, आणि हळद लागल्यापासून माझे हातही मला परके वाटत होते. मंगलाष्टके संपताच स्थानकाची पितळी घंटा वाजवायची, अशी तिथली पद्धत. माझ्या वडिलांनी याच स्थानकावर नोकरीभर गाडी सोडायची तीच घंटा दिलेली, म्हणून मान त्यांचा. अंतरपाट धरला, मंगलाष्टके संपली, अक्षता मुठीत तशाच राहिल्या, घंटा वाजेना. "मामा, गाडी न्हाई यायची आता, वाजवा की!" वराचा भाऊ ओरडला आणि मांडव हसला. वडील दोरी सोडून माझ्याजवळ आले. "पुढच्या टेशनानं व्हय म्हणल्याबिगर म्या कधी घंटा दिली न्हाई. माय, तुझं काय म्हणणं हाय?" मी म्हणाले, "व्हय, अप्पा." घंटा झाली, अक्षता पडल्या. तो होकार खरा होता का, हे मला आजही सांगता येत नाही. मात्र मी "न्हाई" म्हणाले असते, तर त्यांनी पुन्हा दोरीला हात लावला नसता, एवढे ठाऊक आहे.