एका पायातली चप्पल

आमच्या गल्लीत त्याला थांबा-पेंटर म्हणत. चित्र कधी होणार असं विचारलं, की "थांबा" एवढंच सांगायचा. त्यानं आमच्या आईचा एक डोळा रंगवला, तेवढ्यात पंचगंगेला दोनदा पूर येऊन ओसरला.

घाई आमची होती. आईची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. ती पुरती जाण्याआधी तिनं आपलं चित्र बघावं, एवढीच माझी हौस. पैठणी, हातात गुलाब, ओठांवर मंद हसू, असं मी शंभरदा बजावलं. हा रोज यायचा, आईला खुर्चीत बसवायचा, पिंपभर चहा प्यायचा आणि म्हणायचा, "थांबा. अजून बाई आली न्हाय."

"मग ही कोण बसलीया रं, मेल्या?" आई गरजायची.

"ही पैठणी बसलीया, काकी."

शेवटी एक दिवस आईचा पारा चढला. चिडली की तिचं ठरलेलं, "चालले मी गगनबावड्याला!" तिकडं तिचं माहेर. लग्न झाल्यापासून हजारदा निघाली असेल. एका पायात चप्पल चढायची, तेवढ्यात दूध उतू जायचं नाहीतर कुणीतरी जेवायला मागायचं, आणि दुसरी चप्पल तशीच राहायची. त्या दिवशीही तिनं एक पाय चपलेत घातला आणि पेंटर ओरडला, "आली! बाई आली! हलू नका, काकी!"

आठ दिवसांत चित्र तयार. पैठणी नाही, गुलाब नाही, हसू तर नाहीच. धुवट पातळ, नजर दाराकडं, एका पायात चप्पल, दुसरी जमिनीवर मोकळी. त्या मोकळ्या चपलेवर रंगाचा असा थर, की जणू गवंड्यानं थापीनं लिंपलाय.

मी कपाळ बडवलं. "अहो, कोल्हापुरात राहून आईच्या पायात एकच चप्पल? गावाचं नाक कापलंत की! आणि हा एवढा रंग खरवडा आधी."

"थांबा," तो म्हणाला. "लागंल पुढं."

आईनं चित्राला नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघितलं. बराच वेळ. "नेमकं बघितलंस की रं, पेंटर," एवढंच बोलली आणि चहा टाकायला आत गेली.

आता तिला काहीच दिसत नाही. रोज सकाळी भिंत चाचपत चित्रापाशी येते, बोटानं तो उंचवटा शोधते आणि पुटपुटते, "हाय. हितंच हाय." चेहऱ्याकडं हात कधी जात नाही.

बोटं फिरून फिरून तो थर आता झिजलाय. पुन्हा रंग चढवायला बोलवावं, तर पेंटर गेल्या वर्षीच गेला. जन्मभर थांबा थांबा म्हणणाऱ्या ह्या माणसानं घाई केली, ती नेमकी एकदाच!