चिंध्यांच्या तित्तरांची शिकार

जालन्याला निघाले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. दोन सलवार-कमीज, एक स्वेटर आणि शिकारीविरुद्धच्या पत्रकांचा चांगला जाड गठ्ठा. आमच्या घरात पत्रक ही मीठमिरचीइतकी रोजची गोष्ट. वडील कामगारांची पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची आणि मी वाचायला शिकले तीच मुळी ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. जाफराबादजवळच्या एका शेतात दर रविवारी कुत्री सोडून तित्तरांची शिकार होते, असा निरोप नाशिकला आमच्या प्राणिमित्र मंडळाच्या फोनवर आला, तेव्हा कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. शेवटच्या ओळीला तीन उद्गारचिन्हं दिली.

जालन्याला उतरलं की पहिल्यांदा बियाणंच दिसतं. दर दुसऱ्या पाटीवर माणसाएवढं कापसाचं बोंड, त्याच्या शेजारी लहान मुलाएवढी मिरची. रिक्षावाल्याने बसस्थानकावर सोडलं आणि जाफराबादची एसटी उभीच होती. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता चौकशी सुरू केली.

“जाफराबादला कोणाकडं?”

“कोणाकडे नाही. काम आहे.”

“सरकारी?”

“नाही.”

“मंग कशाला चाललाव?” त्याने अगदी काळजीने विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. थंडीचे दिवस होते. सोयाबीन केव्हाच निघालं होतं, कपाशीला शेवटची चार बोंडं लटकत होती आणि तुरी मात्र भरून उभ्या होत्या. अशा तुरीत दडलेले बिचारे पक्षी मला जागोजागी दिसू लागले. प्रत्यक्षात दिसले ते बगळे, पण मनाची तयारी झाली होती.

जाफराबादला उतरल्यावर चौकशी कुठून करावी म्हणून मी बाजारात फिरत होते, आणि एका शिंप्याच्या दुकानापाशी पुराव्यावर येऊन धडकले. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ शिलाई मशीनवर वाकले होते. मशीनच्या फळीवर करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या पिसांचा ढीग होता. मी दुपट्ट्याआडून मोबाइल काढला आणि गुपचूप फोटो घेतला.

“उजेडात घ्या,” ते मान वर न करता म्हणाले. “तिथून काळा येईल.”

हे सलीमचाचा. मी सरळच विचारलं, “हे पक्षी कोणी मारले?”

त्यांनी मशीन थांबवली, फळीवरून एक वस्तू उचलली आणि माझ्या हातात दिली. जुन्या पँटच्या कापडाची, कापूस भरलेली, मुठीपेक्षा थोडी मोठी. दोन्ही बाजूंना पिसं टाचलेली. “आमच्या चित्रकोंबडीची पिसं हायेत. झडली की गोळा करून ठेवतो. तित्तर मारायला बंदी हाये ना, बेटा. मालूम न्हाई का?”

मला मालूम नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. माझ्या पिशवीत त्या बंदीवर दोन परिच्छेद होते.

हळूहळू खरी हकीकत कळली. निजामाच्या काळात या भागातले जमीनदार तित्तरांची शिकार करत. चाचांच्या आजोबांचं काम म्हणजे पडलेला पक्षी तोंडात धरून, दात न लावता, मालकाच्या हातात आणून देणारी कुत्री तयार करणं. पुढे कायदा आला, बंदुका गेल्या. पण कुत्र्यांना शिकवायची हौस आणि त्या शिकारीची अदब राहून गेली. अदब म्हणजे कुत्र्यांनी आणि मुख्यतः माणसांनी कसं वागायचं, त्याचे नियम. थंडीतल्या रविवारी मंडळी अजून जमतात. पक्षी चिंध्यांचे, आणि बंदुकीच्या जागी गोफण, ज्वारीवरची पाखरं हाकायची तीच. आमच्या मंडळाला निरोप देणाऱ्याने लांबून गोफणीचा फटाका ऐकला असावा आणि पळणारी कुत्री पाहिली असावीत.

आता परत फिरणं शहाणपणाचं होतं. पण मी म्हटलं, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. चाचांना याचा रागच आला नाही. “बराबर हाये,” ते म्हणाले, आणि मुक्कामाला घरी घेऊन गेले.

घरी नूरचाची होत्या आणि बिजली होती. बिजली ही तांबूस रंगाची गावठी कुत्री, एक कान दुमडलेला. चाचांनी तिला एसटी स्टँडच्या नालीतून पिल्लू असताना उचललं होतं. बाकी लोकांची कुत्री विकत आणलेली, वंशावळीची. बिजली हुशार होती, पण तोंडाची घट्ट, उचललेलं दाबून धरायची. कापडी पक्ष्याच्या पोटात कापसात गुंडाळलेलं कच्चं अंडं ठेवतात. कुत्र्याने ते शाबूत आणून मालकाच्या हातात द्यायचं. फुटलं किंवा पक्षी दुसरीकडे कुठे टाकला, तर त्याला म्हणतात ‘दात लागला’. तीन दात लागले की ते कुत्रं पुन्हा कधी रांगेत उभं करायचं नाही. बिजलीला दोन लागून झाले होते.

“आणि तिसरा लागला तर?” मी विचारलं.

चाचा म्हणाले, “मंग काय! बांधावर बसून पक्षी शिवून देत जाईन.” चाची मात्र हळूच म्हणाल्या, “दादापासून, म्हणजे आजोबापासून, यांच्या घरचं कोणी ना कोणी त्या लाइनमध्ये उभं राह्यलंय. दुसरं कुत्रं शिकवायची उमर न्हाई राह्यली आता.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी खिचडी, आम्लेट आणि खट्टा (चिंच आणि तिळाचं पातळ, आंबट कालवण) असा नाश्ता होता. तो खट्टा मी वाटीला तोंड लावून प्यायले, हे इथे कबूल करते. बिजली दारात बसून माझ्या ताटाकडे पाहत होती. तिला मात्र सकाळपासून काहीच दिलं नव्हतं. मुक्या जनावराला उपाशी ठेवून राबवायचं, या विषयावर मी पूर्वी लिहिलेलं आहे. चाचा हात धुवायला उठले, चाची आत गेल्या आणि मी तत्त्वाला जागून अर्धं आम्लेट बिजलीला चारलं. तिने ते अतिशय अदबीने घेतलं.

शेत विठ्ठलअण्णांचं. अण्णा म्हणजे गावातले जुने बागायतदार, पांढरं धोतर, डोक्याला मफलर आणि या रांगेचे पंच. सोयाबीनच्या मोकळ्या रानात सात माणसं सात कुत्री डाव्या पायाशी बसवून उभी होती. बांधावर वीसेक बघे. जालन्याहून आलेले बियाण्याचे एक व्यापारी, ज्यांना सगळे सेठजी म्हणत होते, त्यांचा काळा लॅब्रॅडॉर माझ्यापेक्षा चांगल्या स्वेटरमध्ये होता.

मी पत्रकं वाटली. आणली होती, तर वाटायला नकोत? अण्णांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. ‘शिकाऱ्यांनो, लाज बाळगा’ इथे ते थांबले आणि रांगेवरून नजर फिरवून म्हणाले, “बाळगा रे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सेठजींनी पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. “लिहिलंय एक नंबर. फक्त गाव चुकलं.”

मग अण्णांनी मला उभं राहायची जागा दाखवली आणि नियम सांगितले. ज्याची पाळी, त्यानेच हाक द्यायची, तीही एकदाच. दुसऱ्याच्या कुत्र्याला हाक नाही, हात नाही, त्याच्या डोळ्यांत बघणं नाही. दुसऱ्याचा पक्षी आपल्या कुत्र्याने उचलला तर मालकाने माफी मागायची. कुत्र्याला मारणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं. कुत्रं चुकलं तर हसायचं नाही.

“आणि मालक चुकला तर?” मी विचारलं.

“मंग हसायचं की! त्यासाठीच तर येतो आम्ही.”

गोफणीचा पहिला फटाका झाला आणि मी दचकले. पक्षी हवेत गेला, पार तुरीच्या कडेला पडला. सातही कुत्री जागची हलली नाहीत, फक्त सात नाकं त्या दिशेला वळली. सेठजींनी मान झुकवली, काळा सुटला, पक्षी घेऊन आला आणि त्यांच्या हातात देऊन बसला. कोणी टाळी वाजवली नाही. सेठजी त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले, तेवढीच शाबासकी. मी आयुष्यात इतकी शिस्तशीर सभा पाहिलेली नाही, आणि सभा मी पुष्कळ पाहिल्यात.

अंड्याचा पक्षी उडवत नाहीत. तो आधीच तुरीत लपवलेला असतो. पाळीपाळीने सगळी कुत्री गेली. एकाने घाईत दोनदा हाक दिली आणि अंडं फुटलं, तर सगळे मालकावर हसले आणि कुत्र्याला कोणी काही म्हणालं नाही. सगळ्यात शेवटी बिजली. चाचांनी हात पुढे केला, ती तुरीत शिरली. शेंगा सळसळल्या. बराच वेळ काही दिसेना. मग दुमडलेला कान दिसला आणि तोंडात पक्षी. चाचांनी जीभ टाळूला लावून एकदाच आवाज केला.

बिजली त्यांच्याकडे धावत निघाली. अर्ध्या वाटेवर वारा माझ्याकडून तिच्याकडे फिरला. ती थांबली. नाक वर केलं. आणि सरळ माझ्याकडे आली.

आता सगळ्यांनी आकाशाकडे पाहायला सुरुवात केली. तसा नियमच आहे, कुत्र्याला कोणाच्या नजरेने गोंधळ नको. चाचांची एक हाक वापरून झाली होती. मी हात पाठीमागे घेतले, मान वळवली. बिजलीने माझ्या मागे जाऊन माझी बोटं हुंगली, परत समोर आली आणि तो पक्षी अगदी हळुवारपणे माझ्या चपलेवर ठेवला. मग शेपूट हलवत वर पाहिलं.

“लागला,” अण्णा म्हणाले. “तिसरा दात.”

कोणी हसलं नाही. चाचा चालत आले, बिजलीच्या गळ्यात दोरी अडकवली आणि मला म्हणाले, “तुमची काही गलती न्हाई, बेटा. नवी जागा, नवा माणूस. होतं.”

माझ्या बोटांना आम्लेटचा वास येत होता. हे फक्त मला आणि बिजलीला माहीत होतं, आणि ती बोलणार नव्हती. मला आठवतं, त्या वेळी मी मनातल्या मनात बरेच मुद्दे काढले. जनावराला उपाशी ठेवणं हीच मूळ चूक. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. शिवाय हा एक खेळच तर आहे. मुद्दे चांगले होते. पण चाचा दोरी धरून बांधाकडे निघाले होते, बसायला.

“थांबा!” मी म्हणाले. “एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुक्या प्राण्यांच्या बाबतीत आपण समाज म्हणून—”

“ताई,” अण्णा म्हणाले, “भाषण नगं. काय केलंत ते सांगा.”

“सकाळी मी बिजलीला आम्लेट चारलं. लपून. चूक माझी आहे.”

मग सेठजी गंभीरपणे म्हणाले, “अंडं सांभाळून आणायचंय, तिला अंडंच चारलं!” आणि आधी सेठजी, मग अख्खा बांध हसायला लागला. नियमाप्रमाणेच होतं ते, माणूस चुकला होता. चाचाही हसत होते. मी कानापर्यंत तापले होते.

हसून झाल्यावर अण्णांनी हात वर केला. “बाहेरच्या माणसानं खोडा घातला आन् रांगेसमोर स्वतः कबूल केलं, तर पाळी परत मिळती. आजोबाच्या वक्तापास्नं हाये हे. दात पुसला. पण ताई तिथंच उभ्या राहतील. हात न धुता.”

नवं अंडं आलं, पक्षी शिवला गेला, अण्णांचा माणूस तो तुरीत लपवून आला. बिजली पुन्हा शिरली. या वेळी वारा माझ्याकडूनच वाहत होता. ती बाहेर आली, चाचांची हाक झाली, ती माझ्यापासून चार हातांवर आली आणि थबकली. मी आकाशाकडे पाहत होते. एक घार फिरत होती, तिचा प्रत्येक फेरा मी मोजला. तिसऱ्या फेऱ्याला पावलांचा आवाज दूर गेला. खाली पाहिलं तेव्हा बिजली चाचांसमोर बसली होती आणि पक्षी चाचांच्या ओंजळीत होता.

अण्णांनी शिवण उसवली. अंड्याला केसाएवढी चीर गेली होती.

“फुटलंय,” कोणीतरी म्हणालं.

अण्णांनी कापूस काढून गालाला लावला, मग ओठांना. वेळ घेतला. “कोरडा हाये. न्हाई फुटलं.”

चाचांनी बिजलीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्याशी बोलले, आणि बराच वेळ कोणाकडे पाहिलं नाही. मग दाढी पुसत माझ्याकडे आले. “बेटा, गुन्हेगार पकडायला आल्ती ना? सापडला बराबर.”

संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून मी दुपारच्या एसटीने जालन्याला निघाले. जाण्यापूर्वी अण्णांना सांगितलं की ज्या खेळात खोटं का होईना मारणं आहे, तो मला अजूनही पटत नाही. ते म्हणाले, “नका पटू देऊ. पुढच्या थंडीला या, बांधावर बसून सांगा.”

नाशिकला मंडळात मी अहवाल दिला: तिथे शिकार होत नाही. सगळे जरा हिरमुसले. खरं सांगायचं तर मीही हिरमुसले होते, पहिल्या दिवशी, त्या दुकानात. पक्षी वाचले आहेत याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मला वाईट वाटलं ते गुन्हा न सापडल्याचं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली.

आजवर मी कितीतरी लोकांकडून जाहीर कबुलीची मागणी केली आहे. ती करायला काय लागतं, हे कोणाला विचारलं नव्हतं. अर्ध्या आम्लेटाची कबुली देताना, आणि तीही वीस भल्या माणसांसमोर, माझे पाय लटपटत होते. पुढच्या वेळी कोणाला समोर उभं करून जाब विचारीन, आणि विचारणारच आहे, तेव्हा आधी त्याच्या पायांकडे पाहीन.