मॉरिशसला जाण्याआधी करडी

भंडारा, २१ नोव्हेंबर १९८२

सात महिने या सदरात माझं एक अक्षर आलं नाही, त्याबद्दल वाचकांची माफी मागते. संपादकांनी जागा धरून ठेवली होती. तिथे कधी धानाचे भाव आले, कधी कोणाची कविता. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या वर्णनापाशी अडले. रस्ते, अंतरं, गाड्यांच्या वेळा हे सगळं माझा नवरा मधुकर लिहीत असे. माणसं तेवढी माझ्या वाट्याला. पवनी गावावर आम्ही लिहिलं ते असंच, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून. मधुकर वैशाखात गेला. शाळेत शिकवून आला, पाणी मागितलं, आणि मी पेला घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

पुढचं म्हणजे मॉरिशस. नागपूरला कॉलेजात असताना देवराज आणि सरस्वती हे दोघं तिकडून शिष्यवृत्तीवर शिकायला आले होते. दोघांचेही पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. सरस्वती हॉस्टेलात माझ्या खोलीत होती आणि तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं, कारण ती कुठेही न ऐकलेले जुने शब्द सहज वापरायची. देवराज आणि मधुकर सायकलवर डबलसीट हिंडायचे. पुढे त्या दोघांनी लग्न केलं, आणि वीस वर्षं पत्रं चालली. आता येत्या जानेवारीत तिकडे मराठी शिकवणाऱ्यांचा मेळावा आहे. मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून आमंत्रण माझ्या नावाने आलं. मधुकर सोबत येणार होता आणि उसाच्या मळ्यांवर लिहिणार होता. तो गेल्यावर सरस्वतीने लिहिलं, तू तरी ये, मेळाव्याला नाही आलीस तरी घरी ये. उत्तर या आठवड्यात द्यायला हवं, कारण मेळाव्यातल्या बोलणाऱ्यांची नावं त्यांना पक्की करायची आहेत.

कोणाला असा प्रवास करायचा असेल तर आधी पासपोर्टचं पाहावं. आमचा पासपोर्ट जोडीचा होता, म्हणजे पुस्तिका मधुकरच्या नावाची आणि आत पत्नी म्हणून माझा फोटो. तो आता चालत नाही. मला नव्याने अर्ज करावा लागला, नव्याने पोलिसांची चौकशी झाली. हवालदार भला होता. दारात उभं राहून "घरी आणखी कोण असते बाई" असं विचारून झाल्यावर त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं. परकीय चलनासाठी बँकेत लवकर जावं. कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्याचं पिवळं पुस्तक लागतं. विमान मुंबईहून आहे. जानेवारीत तिकडे उन्हाळा असतो, तेव्हा स्वेटर नेऊ नये. तिकिटाचा भाव लिहीत नाही. तो छापून येईपर्यंत बदलतो.

हे सगळं जमलं होतं. अडलं होतं ते करडीला.

करडी हे माझं सासर. आमच्याकडे घरात कोणी गेलं की चुलीवर कढई चढत नाही. वडे, पुऱ्या, भजी काही नाही. घरच्यांनी आपण होऊन हे सोडायचं नसतं. सणाच्या दिवशी बाहेरचं कोणी, बहुतेक लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली लेक, तेल घेऊन येते, कढई ठेवते आणि तळलेला पहिला घास घरच्यांच्या तोंडात घालते. त्याला सण काढणं म्हणतात. तेव्हा दुखवटा सुटतो. तोवर घरच्यांनी दुसऱ्याकडे सणाला जेवायला जाऊ नये, हौसेने दूरच्या गावी जाऊ नये. माझ्या नणंद वेणूताई पोळ्याला तेल घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे माय म्हणतो, वेणूताईंना परत पाठवलं. दिवाळीलाही पाठवलं. वैशाखात वर्ष होईपर्यंत कढई नाही, असं मायने ठरवलं होतं.

मी कॉलेजात शिकवणारी बाई. भंडाऱ्यात माझ्या खोलीत बसून मी काय खाते हे कोणी पाहायला येत नाही. पण मीही सात महिने कढई ठेवली नव्हती, आणि ते रिवाज म्हणून की मन होत नव्हतं म्हणून, हे मला सांगता येत नाही. मायला न सांगता जाणं मला जमणार नव्हतं. विचारायला जाते आहे की नुसतं सांगायला, हेही मी निघताना ठरवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारची एस.टी. धरली. त्या दिवशी करडीची मंडई आहे हे मी विसरले होते. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात सगळे सोयरे न बोलावता येतात, रात्रभर दंडारीचा नाचगाण्याचा खेळ आणि नाटक चालतं. गाडीत माहेरी निघालेल्या लेकी खच्चून भरल्या होत्या. कारध्याचा पूल ओलांडला, वैनगंगेत पाणी उतरून वाळू वर आली होती, तिथे कोणीतरी जाळं वाळत घातलं होतं. पुलानंतर डावीकडे वळल्यावर रस्ता खराब आहे; पाठ दुखणाऱ्यांनी मागच्या बाकावर बसू नये. दोन्ही बाजूंना लवकर येणारा हलका धान कापून पडला होता, उशिराचा भारी अजून उभा होता.

माझ्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"काहून वं, एकटीच? जवाई कोठी हाय?"

"धान कापून राहिले. म्हणे तू हो पुढं, मी मांगून येतो."

"मांगून म्हणजे कवा?"

"मटन शिजलं का वास जाते त्याह्यले. येतीन बरोबर."

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात त्यातली एक मागे वळून मला म्हणाली, "अन् बाई, तुमचे मालक?" विचारून झाल्यावर तिचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. ती थोड्या वेळाने उठून म्हणाली, "तुमी या खिडकीपाशी बसा. मले हवा सोसत नाई." मी बसले.

करडीला उतरले तेव्हा पाळणे उभे राहत होते, गुळाच्या जिलेबीची कढई रस्त्यावरच पेटली होती. आमच्या घराच्या दारात मात्र दीर, बाबूरावभाऊजी, एकटेच खाटेवर बसले होते.

"या वहिनी. मंडईले आल्या का?"

"नाही. मायशी बोलायचं आहे. मॉरिशसचं."

"जायाचं पक्कं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले नका इचारू. या घरात कोंबडा बी माह्यं ऐकत नाई." थोडं थांबून म्हणाले, "विमानात म्हणे खिडकी उघडत नाई. मंग खर्रा खाऊन थुकते कोठी माणूस?"

"खर्रा खायचाच नाही."

"मंग आपलं नाई जमत," ते म्हणाले आणि माझी पिशवी उचलून आत घेऊन गेले.

माय चुलीपुढे बसली होती. वेणूताई तिच्यासमोर, आणि दोघींच्या मध्ये जवसाच्या तेलाची बाटली. वेणूताई सकाळीच आल्या होत्या. उडदाची डाळ त्यांनी स्वतः आणली होती, शेजारच्या घरी वाटून घेतली होती आणि आता पातेल्यावर झाकण ठेवून बसल्या होत्या.

"आली तू?" माय मला म्हणाली. "पाय, हे तिसऱ्यांदा आली. मी बलावलं का इले?"

"बलावल्यावर सण निघते का माय? न बलावताच यावं लागते," वेणूताई म्हणाल्या. "पोळ्याले हाकललं, दिवाळीले हाकललं. माह्या सासूनं इचारलं, तेल वापस आणाले जातेस का माहेरी?"

"तुह्या सासूले सांग, तिचा लेक जिता हाय."

मी पाणी प्यायले. मग सांगितलं. मेळावा, देवराज, सरस्वती, जानेवारी, तीन आठवडे. माय देवराजला ओळखत होती. एका सुट्टीत तो करडीला आला होता आणि धानाच्या बांधीत उतरून चिखलात रुतला होता, ते ती अजून सांगते. तिने सगळं नीट ऐकलं. जाऊ नको म्हणाली नाही. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि त्या रागाला द्यायची उत्तरं मी गाडीत तयार केली होती.

"त्याहीच्या घरी राहाशीन?"

"हो."

"ते जेवाले काय करतीन?"

"आपल्यासारखंच. सरस्वती पुरण करते, भात करते."

"अन् तळण?"

पाहुणी म्हणून गेल्यावर ताटात पहिल्याच दिवशी काय येणार, हे मला ठाऊक होतं. सरस्वतीने पत्रात लिहिलंही होतं, मिरचीची भजी तुला आवडतात. मी मायला 'नाही' म्हणू शकले असते. खाणार नाही, असं कबूल करू शकले असते, आणि वैशाखापर्यंत तिचं सगळं तसंच राहिलं असतं.

"असेल," मी म्हणाले.

"खाशीन?"

"त्यांनी वाढलं तर नाही म्हणता येणार नाही, माय."

बाहेर कोणीतरी ढोलकी ताणून पाहत होतं. मग माय म्हणाली, "मंजे त्याचा दुखवटा तिथं सुटन. परक्याच्या चुलीवर."

तिने समोरच्या चुलीकडे हात केला.

"ह्या चुलीवरचं खाऊन वाढला तो. शाळेतून आला का इथंच बसे, या जागी. अन् दुखवटा सुटन समुद्रापल्याड?" तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. आवाज चढला नव्हता. "नाई. सुटाचा असन तर इथंच सुटन. ठेव वं वेणू, कढई ठेव."

वेणूताई उठल्या. सात महिने कढई फळीवर पालथी होती. ती त्यांनी घासली, पुसली, तेल ओतलं. तेल तापलं तेव्हा सगळं घर त्या वासाने भरलं आणि बाबूरावभाऊजी दाराशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. पहिला वडा वेणूताईंनी मोडला, एक तुकडा माझ्या तोंडात घातला, एक मायच्या. मायने तो गिळला नाही. बराच वेळ गालात धरून ठेवला. वेणूताई नुसत्या "माय, खा नं" म्हणत होत्या. शेवटी तिने गिळला, पाणी मागितलं आणि म्हणाली, "मीठ कमी झालं."

मग पाहुणे आले. घराची वाट सोडून जाणारे, दारावरून मान खाली घालून गेलेले सगळे वासावर आत आले. मंडईसारखी मंडई झाली. मी वाढायला उभी राहिले.

सकाळी मी निघाले तेव्हा माय अंगणात उभी होती. रोज या वेळी ती मधुकरच्या फोटोपुढे बसते आणि कोणी आलं तरी उठत नाही, हे मला माहीत होतं. मी पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दुखवटा होता तं दिवस जाये. आता मी काय करू?"

ती तक्रार नव्हती. खरोखर विचारत होती. गाडीची वेळ झाली म्हणून मी निघाले. गाडी अर्धा तास उशिरा आली, तो अर्धा तास मी फाट्यावर उभी होते. परत घरापर्यंत जाता आलं असतं. गेले नाही.

कालपासून घरी बसून याचाच विचार करते आहे. जे हवं होतं ते मिळालं. पण मायने ते मला दिलं असं म्हणता येत नाही. मी जाणार म्हटल्यावर तिला तिच्याजवळचं ते एवढं एक संपवावं लागलं. वैशाखापर्यंत ते तिचं होतं. मी थांबायला हवं होतं का? मेळावा थांबला नसता, सरस्वती थांबली असती. तिकडे जाऊन मी मधुकरच्या वाट्याचे मळे पाहीन, रस्ते लिहीन, कदाचित चुकीचे लिहीन. वाचकांनी समजून घ्यावं. आणि करडीला कोणी गेलं तर आमच्या घरी जरूर बसावं, मायशी बोलावं. काहीही बोललं तरी चालेल.

उद्याचं काम: तारऑफिस उघडताच देवराजला तार, येते म्हणून.