सही न जुळवता घेतलेलं अपडेट

माझा स्वभाव तापट. त्यात कोलकात्यातल्या एस्प्लनेडच्या ऑफिसात सकाळपासून मीटिंगा, आणि घरून बाबांचा तिसरा फोन. "अरे, तो ब्राउझर जुना झालाय म्हणतोय. काय करू?"

"अहो बाबा, करा ना अपडेट! तेवढंही मीच सांगायचं का?" म्हणून मी फोन ठेवून दिला.

बाबा बँकेत होते. बदली होऊन इकडे कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. आई गेल्यापासून बागबाजारच्या आमच्या घरात त्यांना सोबत त्या कॉम्प्युटरची. त्यात आईच्या आवाजातल्या गोष्टी होत्या. माझी लेक इथेच वाढली. बंगाली फडाफडा बोलते, मराठीत अडखळते. नातीच्या कानावर मराठी पडावं म्हणून आईने आजारपणातही त्या रेकॉर्ड केल्या, मध्येच "थांब हं, पाणी पिते" म्हणत. त्यांची दुसरी प्रत काढायची, असं मी वर्षभर म्हणत होतो. नुसता म्हणतच होतो.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा कॉम्प्युटरसमोर बसलेले. कुठल्याशा पानावर लाल चौकट आली, 'ताबडतोब अपडेट करा', आणि त्यांनी केलं. तो ब्राउझर नव्हताच, भलतंच काहीतरी होतं. सगळ्या फायलींना कुलूप लागलं. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. आईच्या गोष्टींसकट सगळं पुसून कॉम्प्युटर तेवढा चालू करून दिला.

"तूच म्हणालास ना, करा म्हणून," एवढंच बाबा म्हणाले.

ज्या माणसाने जन्मात कधी नमुन्याची सही जुळवल्याशिवाय चेक पास केला नाही, त्याला काय अवघड होतं हो? ब्राउझर बनवणाऱ्यांचीही फाइलवर डिजिटल सही असते, तपासली की त्यांचं नाव दिसतं. फाइल त्यांच्याच साइटवरून घ्यायची, सही जुळली तरच उघडायची. एवढं सांगितलं असतं तर बाबांनी दहादा जुळवली असती. दोन मिनिटांचं काम! पण माझं तोंड उघडलं ते खेकसायला. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

परवा शेजारी बसून त्यांना सगळं शिकवलं. चष्मा पुसून त्यांनी पडद्यावरचं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

"जुळली रे सही!" किती दिवसांनी हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता हिच्या गोष्टी उघडतील ना?"