बोअरची किल्ली

शहराच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीचं प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. तसं पाहिलं तर साधी चोरी, पण तिच्यापायी एका बाईवर राहती खोली सोडायची वेळ आली होती.

गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट, रेशन दुकान, दवाखाना, शाळा, सगळं हाकेच्या अंतरावर. बोंब फक्त पाण्याची. नळ काही दिवसांआड येई, म्हणून सगळी भिस्त सार्वजनिक बोअरवर. बोअरच्या खोलीची किल्ली एका विधवा विडी कामगार बाईकडे असे. एके सकाळी तिनं खोली उघडली, तर मोटर पाइपांसकट गायब. कुलूप मात्र शाबूत!

गल्लीतले एक पुढारी तावातावानं माझ्या ठाण्यात आले. "साहेब, किल्ली हिच्याकडं. भंगारात विकली असणार. असली बाई आमाला गल्लीत नको."

महिला हवालदारासमोर मी बाईची चौकशी केली.

"किल्ली कुणाला दिली होतीस?"

"कुणालाच न्हाय, साहेब. माझ्यापाशीच असती की."

फिरवून फिरवून विचारलं, तरी उत्तर तेच. फौजदार म्हणाले, "सर, ही कबुलीच झाली." मी भडकलो. "अहो, जमिनीतून मोटर वर ओढायला कप्पी आणि तीन-चार गडी लागतात. ही विड्या वळणारी बाई एकटी ओढेल? आणि भरवस्तीत कुणालाच दिसत नाही?"

म्हणजे गल्ली कधीतरी रिकामी असणार. मी तिथं जाऊन बाईच्या शेजारणीला तेवढंच विचारलं.

"व्हय की," ती म्हणाली. "चोरी कळली त्याच्या आदल्या दिशी पुढाऱ्यांच्या पोरीचं लग्न होतं. सगळी गल्ली कार्यालयात जेवायला."

"आणि किल्ली?"

"लग्नघरी. पाव्हण्यांना पाणी लागतंय न्हवं? हळदीपासनं तितंच असती, लग्न उरकलं की परत तिच्याकडं. रीतच हाय आमची."

मी कपाळावर हात मारला. ठाण्यात येऊन बाईला विचारलं, "हे सांगायचं नाही का?"

"त्याला देणं म्हणत्यात व्हय, साहेब? लग्नघरी किल्ली जातीच की!"

लग्नघराची व्यवस्था पुढाऱ्यांच्या मेव्हण्याकडे होती. त्याला उचलला. आधी उडवाउडवी, मग घाम, मग सगळं बाहेर. मोटर शहराबाहेर कुंभारी गावात, पुढाऱ्यांच्याच प्लॉटवरच्या नव्या बोअरमध्ये सापडली. गल्लीच्या मिस्त्रीनं ती ओळखली. पंचनामा करून जप्त केली. पुढारी हात जोडून म्हणाले, "आपसात मिटवू, साहेब."

"पाणी गल्लीचं पळवलंत आणि आळ हिच्यावर घातलात. हे मिटत नसतं," म्हणालो आणि दोघांवर गुन्हा दाखल केला.

बाईला म्हटलं, "जा आता, सुटलीस." ती जागची हलली नाही.

"हितं सुटले, साहेब. गल्लीत अजून चोरच हाय मी. शेजारीण पोरीला माझ्या दारात येऊ देत न्हाय. पाणी भरताना सगळी असत्यात, तवा येऊन बोला."

मोटर परत बसली त्या दिवशी मी वर्दीत तिथं गेलो. घागरी मांडून सगळी गल्ली उभी होती. खणखणीत आवाजात सांगितलं, "या बाईनं चोरी केलेली नाही. चोर सापडलेत. इथून पुढं हिला कुणी चोर म्हणालं, तर गाठ माझ्याशी आहे." बाई तोंडाला पदर लावून रडली.

ठाण्यातून सुटका झाली म्हणजे आपलं काम संपलं, असं आम्ही पोलीस धरून चालतो. माणसाला राहायचं असतं ते गल्लीत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, संशयावरून आणलेलं माणूस निर्दोष निघालं की मी स्वतः त्याच्या वस्तीत जाऊन तसं चारचौघांत सांगत आलो.